टीव्हीवर काळा ० नाही, १६ असतो, त्यामागची गोष्ट

कॉम्प्युटरवर एडिट करताना झकास दिसणारा व्हिडिओ टीव्हीवर लावला की कधी धुरकट दिसतो, कधी काळ्या केसांचा नुसता गोळा होतो, मग आपण रिमोट घेऊन ब्राइटनेस खालीवर करत बसतो. बऱ्याचदा दोष ना फाइलचा ना टीव्हीचा, भानगड १९८२ सालची आहे.

त्या साली डिजिटल व्हिडिओचं स्टँडर्ड आलं, ज्याला आज रेक ६०१ म्हणतात. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड आकड्यात लिहायला ८ बिटमध्ये ० ते २५५ असे आकडे मिळतात, पण त्यांनी काळ्याला १६ दिला आणि पांढऱ्याला २३५. कारण तेव्हा सगळं मुळात अॅनालॉग होतं, सिग्नल फिल्टरमधून गेला की कडांवर थोडी उसळी मारायचा, वरखाली जागा सोडली नसती तर तेवढा भाग कापलाच गेला असता. ० आणि २५५ तर चित्राला दिलेच नाहीत, सिंकसाठी, म्हणजे ओळ कुठे सुरू होते नि कुठे संपते त्या खुणांसाठी राखून ठेवले. तेव्हाच्या मानाने हिशोब बरोबरच होता म्हणा.

त्याआधीचा काळ तर आणखी गमतीचा. अमेरिकेत १९५३ ला एनटीएससी कलर ही रंगीत टीव्हीची पद्धत मंजूर झाली, पण वाटेत सिग्नलची फेज, म्हणजे ज्यावरून रंग ठरतो ती लहरीची वेळ, जरा सरकली की चेहरे हिरवट नाहीतर जांभळट, म्हणून सेटवर टिंटचं बटण असायचं आणि इंजिनीअर लोक त्या नावाची फोड ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’ अशी करायचे. युरोपात १९६७ पासून पॅल ही दुसरी पद्धत सुरू झाली, त्यात दर ओळीला फेज उलटी केल्यामुळे चूक आपोआप कटायची.

ब्राइटनेस हे नावही फसवं आहे, ते मुख्यतः काळ्याची पातळी हलवतं, पांढरा ताणतो तो कॉन्ट्रास्ट. स्टुडिओत यासाठी कलर बारच्या, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या चाचणी चित्राच्या, खाली उजवीकडे काळ्याच्या जवळच्या तीन बारीक पट्ट्या असतात, एक काळ्याहून जरा खाली, एक बरोबर काळी, एक जरा वर. पहिल्या दोन एकमेकीत मिसळतील आणि तिसरी जेमतेम दिसेल इथे ब्राइटनेस थांबवायचा, झालं.

खरा गोंधळ झाला तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडायला लागल्यावर. कॉम्प्युटरचा काळा ० आणि टीव्हीचा १६, एचडीएमआय केबलमधून दोन्ही जातात. टीव्हीने १६ ला काळा न मानता तसाच दाखवला की राखाडी पडदा येतो, आणि उलट झालं की १६ च्या खालचं सगळं एकाच काळ्यात बुडतं. म्हणून आधी प्लेअर आणि टीव्ही दोघांची रेंज एकच आहे का ते मेनूत बघायचं, लिमिटेड (१६ ते २३५) तर लिमिटेड, फुल (० ते २५५) तर फुल, आणि मगच एडिटिंगमध्ये लेव्हलला हात लावायचा, नाहीतर चांगली फाइल आपणच बिघडवतो.

आता ० ते १०२३ आकड्यांचं १० बिट आलं, जास्त उजेड-अंधार दाखवणारं एचडीआर आलं, पण तिथेही व्हिडिओचा काळा सहसा ६४ वरच असतो, म्हणजे तोच १६, चारने गुणलेला.