आजीच्या फोटोभोवतीचं कापड

आजीचा तरुणपणीचा कृष्णधवल फोटो नव्याने मढवायला इंदूरच्या राजवाड्याजवळच्या फ्रेमवाल्याकडे नेला. सोबत तिच्या विरलेल्या महेश्वरी साड्यांचे दोन तुकडे होते, एक डाळिंबी, एक राखाडी. फोटोभोवतीच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे माउंटवर, त्यातलाच एक चढवायचा होता. मन डाळिंबीवर होतं. पण तो शेजारी धरला आणि आजीचा चेहरा हिरवट, आजारी दिसायला लागला. राखाडी धरला तशी चेहऱ्यावर पुन्हा तरतरी आली.

फोटो तोच, उजेडही तोच. डोळा कुठलाही रंग सुटा पाहत नाही, शेजारच्या रंगाशी ताडून पाहतो. म्हणून लालाशेजारचा करडा हिरवट वाटतो, निळ्याशेजारचा पिवळसर. फ्रान्समधल्या गोब्लें कारखान्यात भिंतीवर लावायची चित्रं धाग्यांनी विणली जात. तिथला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार आली. रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने तपासलं, तर काळ्यात खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिकट दाखवत होते. त्यावरचा त्याचा ग्रंथ 1839 साली आला.

कापडात आणखी एक गंमत असते. पारंपरिक महेश्वरीत उभा धागा रेशमी, आडवा सुती. रेशीम चमकतं, सूत उजेड विखुरतं. त्यामुळे टेबलावर सपाट ठेवलेला तुकडा भिंतीवर उभा केला की वेगळा दिसतो. रंग ठरवायचा तो उभा धरूनच.

जुनी फ्रेम उघडली तेव्हा मात्र पोटात कालवलं. फोटोच्या कडेने तपकिरी रेघ उमटली होती. स्वस्त पुठ्ठ्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलं एक द्रव्य, कालांतराने आम्ल सोडतं आणि कागद जाळतं. म्हणून या वेळी आम्लमुक्त पुठ्ठाच मागितला. कापडाचा कच्चा रंग दमटपणात फोटोला लागू नये म्हणून आत त्याच पुठ्ठ्याची अरुंद पट्टी घातली. माउंटच्या जाडीमुळे काचही फोटोपासून दूर राहते. नाहीतर पावसाळ्यात फोटोचा जिलेटिनचा थर काचेलाच चिकटतो.

फ्रेम कुठे लावायची, ते त्या राखाडी तुकड्यानेच सांगितलं. घडीच्या आत तो अजून गडद होता, बाहेरच्या अंगाला उजेडाने विटलेला. खिडकीसमोरची भिंत सोडून ती मधल्या खोलीत लावली.