हिरव्या शैवालाने औद्योगिक धूरशुद्धी

बॉयलर, भट्टी किंवा डिस्टिलरीतून निघणारा वायू शैवालाच्या पाण्यातून बुडबुड्यांनी सोडून त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि काही अंशी नायट्रोजनची ऑक्साइडे शोषून घेण्याची पद्धत. क्लोरेला आणि सेनेडेस्मस या एकपेशीय हिरव्या शैवालांचा वापर सर्वाधिक होतो. (स्पिरुलिना यात मोडत नाही, ते सायनोबॅक्टेरिया म्हणजे निळे-हिरवे जीवाणू आहे.) 1 किलो कोरडे शैवाल तयार होताना सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. वीजकेंद्राचा वायू शैवालाच्या तळ्यांना देण्याची कल्पना ऑस्वाल्ड आणि गोल्यूके यांनी 1960 मध्ये मांडली.

मोठ्या चिमणीला ही पद्धत पुरी पडत नाही. सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात 660 मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यातला एक पूर्ण भाराने चालला तर ताशी 600 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. उघड्या तळ्यात चांगल्या दिवशी चौरस मीटरमागे 20 ग्रॅम शैवाल वाढते, म्हणजे हेक्टरी रोज साधारण 360 किलो वायू शोषला जातो. या हिशेबाने एका संचालाच सुमारे 40,000 हेक्टर तळी लागतील. म्हणून धुराचा छोटा फाटा काढून तेवढाच वापरणे व्यवहार्य ठरते.

सोलापूर जिल्ह्यातले साखर कारखाने याला अधिक सोयीचे आहेत. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुरात गंधक नगण्य असते. डिस्टिलरीच्या किण्वन टाकीतला वायू तर जवळपास शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो: 1 लिटर अल्कोहोलमागे सुमारे 0.75 किलो. शिवाय गाळप हंगाम हिवाळ्यात असतो आणि शैवालाला मानवणारे 25 ते 35 अंश तापमान तेव्हा दिवसा मिळते. चादर-टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमधील (रंगाई-धुलाईच्या कारखान्यातील) कोळशाच्या बॉयलरला मात्र आधी स्क्रबर (धूर पाण्याने धुणारे यंत्र) हवाच. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होते, सामू (पीएच) 4 पर्यंत घसरतो आणि वाढ थांबते. शैवाल हा स्क्रबरला पर्याय नाही.

धूर आधी राख वेगळी करणाऱ्या सायक्लोन किंवा बॅग फिल्टरमधून जातो. मग चुन्याच्या किंवा सोड्याच्या पाण्याने धुऊन 40 अंशांच्या खाली आणला जातो. थंड होताना नळीत आम्लयुक्त पाणी साचते; लोखंडी नळी तिथेच सडते, म्हणून थंड बाजूला एचडीपीई (प्लास्टिकची) नळी वापरावी आणि सखल जागी निचऱ्याचा नळ ठेवावा. नायट्रिक ऑक्साइड पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे ते बहुतांशी निसटते. नायट्रोजन डायऑक्साइड विरघळते आणि शैवालाला खत म्हणून मिळते.

तळे लांबट रेसवे (धावपट्टीसारख्या वळणाच्या) आकाराचे, 20 ते 30 सेंमी खोल. पॅडल व्हीलने पाणी सेकंदाला 20 ते 30 सेंमी वेगाने फिरते ठेवतात. इतक्या उथळ पाण्यात बुडबुडा विरघळण्याआधीच वर येऊन फुटतो, म्हणून डिफ्यूझर (बारीक बुडबुडे सोडणारी जाळी) 1 ते 1.5 मीटर खोल खड्ड्यात बसवतात. या खड्ड्यात वायू साचतो. हवा खेळवून तपासणी केल्याशिवाय कोणीही आत उतरू नये. सामू 8 च्या वर गेला की वायूचा व्हॉल्व्ह उघडतो, 7.5 ला बंद होतो. रात्री प्रकाशसंश्लेषण नसते, तेव्हा वायू बंदच ठेवायचा. खताचा अंदाज सोपा आहे: 1 किलो शैवालात सुमारे 70 ग्रॅम नायट्रोजन असतो, म्हणजे साधारण 150 ग्रॅम युरिया.

सोलापुरात खरी अडचण पाण्याची. उन्हाळ्यात दिवसाला 10 मिमी बाष्पीभवन धरले तर एका हेक्टरमागे रोज 1 लाख लिटर पाणी उडते. भर म्हणून घातलेल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार तळ्यात साठत जातात. वायू बंद पडून सामू 9 च्या वर गेला की चुना पांढरा थर होऊन बसतो. डाय हाऊसचे सांडपाणी वापरायचे तर आधी रंग काढावा लागतो, नाहीतर प्रकाशच आत शिरत नाही.

हिरवा रंग एकाएकी मळकट तपकिरी झाला आणि पॅडलपाशी फेस आला, तर थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. बहुधा रोटिफर (शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी) दिसतील. ते काही दिवसांत अख्खे तळे फस्त करतात. तासभर जास्त वायू सोडून सामू उतरवल्यास त्यांना आळा बसतो. पण मागे राखून ठेवलेले शुद्ध वाण असेल तरच तळे पुन्हा लवकर उभे राहते: फ्लास्क, कॅन, टाकी अशा पायऱ्यांनी, दर वेळी साधारण दहापट.

काढणीच्या वेळी लिटरमागे जेमतेम अर्धा ते 1 ग्रॅम शैवाल असते. तुरटीने साका बसवून मग सेंट्रिफ्यूज लावल्यास विजेचा खर्च बराच कमी होतो, मात्र तुरटीतले ॲल्युमिनियम मालात उरते. कोळशाच्या धुरावर वाढलेल्या शैवालात पारा आणि आर्सेनिक येऊ शकतो. ते जनावरांना घालू नये. बायोगॅससाठी वापरले तरी उरलेला गाळ शेतात टाकण्याआधी जड धातूंसाठी तपासून घ्यावा.