आग्रह वेगळा, सोबत वेगळी

व्यसनमुक्तीच्या शिबिरात एक फलक हमखास लावलेला असतो: 'मित्रांना नाही म्हणायला शिका.' तो दिसला की माझं डोकं उठतं. कुणी विचारलंच नाही, तर नाही कुणाला म्हणायचं?

आग्रह सगळ्यांना ठाऊक आहे. 'घे रे, एकानं काय होतंय', 'मोठा साधू झालास का?' यावरचं उत्तर माणूस केंद्रातून पाठ करूनच बाहेर पडतो. त्यावर जास्त बोलायला नको.

घोळ सगळा सोबतीत आहे. गर्द (ब्राउन शुगर) सोडून तीन महिने झालेला एक रिक्षावाला संध्याकाळी स्टँडमागच्या टपरीवर चहाला थांबला. जुने तिघं तिथंच बसलेले. एकानं गर्द ओढायची पन्नी काढली, खाली काडी धरली आणि यालाच म्हणाला, "तू ऊठ बाबा, तू सुटलायस." म्हणजे आग्रह सोडाच, उलट हाकललं! हा म्हणाला, "चहा संपवून जातो." तासाभरानं पन्नी याच्या हातात होती. घरचे अजून 'त्यांनीच पाजलं' म्हणून त्या तिघांना शिव्या घालतात. पण त्या संध्याकाळचा धोक्याचा निर्णय 'चहा संपवून जातो' हाच होता, आणि तो घेताना त्याला काही निर्णय घेतोय असं वाटलंही नाही. शिवाय सवय मोडलेलं शरीर जुनं माप पेलत नाही. ओव्हरडोसची भीती अशाच वेळी फार.

मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी कितीतरी वर्षांपूर्वी सामाजिक दबावाचे दोन भाग केले होते: थेट गळ घालणं, आणि नुसतं पिणाऱ्यांत असणं. आपल्या फलकांवर पहिलाच भाग पोचला.

जाता जाता आणखी एक तक्रार. २०११ सालचा ड्रायव्हिंगच्या खेळाचा प्रयोग जो तो सांगतो. मित्र शेजारच्या खोलीतून नुसते बघत होते, तरी मुलांनी जास्त धोके पत्करले. खरंय, पण त्यातल्या प्रौढांवर मित्रांच्या बघण्याचा तसा परिणाम दिसला नव्हता. चाळिशीतल्या माणसाला तो प्रयोग कशाला चिकटवता? त्याची अडचण निराळी आहे. जुन्या मित्राचा चेहराच त्याला पन्नीसारखा झालेला असतो; दिसला की तलफ जागी होते.

आग्रहाला शब्दांनी उत्तर देता येतं. सोबतीपुढे शब्द चालत नाहीत, तिथून उठावं लागतं आणि दुसऱ्या कुणाकडे तरी जावं लागतं. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातल्या एका हॉटेलात, काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला बिल विल्सन एकटाच उभा होता. ज्या कामासाठी आला ते फिसकटलेलं, लॉबीच्या एका टोकाला गजबजलेला बार. प्यायला त्याला कुणीही बोलावलं नव्हतं. तो दुसऱ्या टोकाच्या फोनकडे गेला आणि बोलायला एखादा दारुडा मिळेल का, म्हणून एका पाद्र्याला फोन लावला. त्यातून डॉ. बॉब हे दारूत अडकलेले डॉक्टर भेटले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हे दारू सोडणाऱ्यांचं एकमेकांना सोबत देणारं मंडळ सुरू झालं.