९९ फेनिगची गोष्ट

आमच्या रो-हाउसच्या कॉलनीत परवा गच्चीवर सोलर बसवायचं की नाही, यावर दीड तास खल झाला. 'पीएम सूर्यघर' योजनेत घरामागे ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे म्हटल्यावर एक काका उसळले, "म्हणजे सरकारच्या जिवावर चाललेला धंदा! उद्या अनुदान काढलं की सगळं गुंडाळणार."

काकांचं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यासाठी जर्मनीत जावं लागतं.

१ एप्रिल २००० रोजी तिथे एक कायदा लागू झाला. हेरमान शेअर आणि हान्स-योसेफ फेल या दोन खासदारांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. छपरावर तयार झालेल्या सौर विजेच्या प्रत्येक युनिटला ९९ फेनिग (तेव्हाच्या जर्मन मार्कचे पैसे, शंभरांचा एक मार्क), तेही २० वर्षं. घरगुती ग्राहक विजेला जे मोजायचा, त्याच्या तिपटीहून जास्त! हे पैसे सरकारी तिजोरीतून येत नव्हते, ते सगळ्यांच्या वीजबिलात थोडे थोडे वाटले जात. २० वर्षांचा भाव पक्का, म्हणून बँका बिनघोर कर्ज देऊ लागल्या.

पण मला आवडतं ते त्यातलं पुढचं कलम. २००२ पासून दर वर्षी नव्याने बसवणाऱ्याला ५ टक्के कमी भाव. म्हणजे गिऱ्हाईक हवं असेल, तर कारखानदाराने दर वर्षी खर्च कमी केलाच पाहिजे. तो कुठे कमी होतो? पॅनेल ज्यापासून बनतं, त्या सिलिकॉनच्या लादीचे बारीक तारेने काप काढतात. लाकूड कापताना पडतो तसा भुसा इथेही पडतो, आणि एके काळी जवळजवळ निम्मी लादी भुशातच जायची. तार बारीक झाली, तिच्यावर हिऱ्याचे कण आले. ३०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप उतरत उतरत १५० च्या आसपास आला. यात नोबेल मिळण्यासारखं काही नाही. कोट्यवधी काप काढले की हात बसतो, एवढंच.

या हात बसण्याला गणित आहे. जगातली एकूण सौर क्षमता दुप्पट झाली की पॅनेलची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते. दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४ पट, आणि ०.८ चा दहावा घात सुमारे ०.१. म्हणजे किंमत दहावा हिस्सा. २००० साली जगात दीड गिगावॅटही नव्हतं, २०२२ मध्ये १००० ओलांडले. प्रत्यक्षात किंमत याहूनही जास्त पडली.

रेषा सरळ मात्र नव्हती. सुरुवातीला सोलरवाले चिप उद्योगाच्या उरल्यासुरल्या सिलिकॉनवर भागवत. जर्मन मागणी वाढली तसा माल आटला आणि २००८ मध्ये सिलिकॉन किलोला ४०० डॉलरच्या वर गेलं. अनुदानाने महागाई आणली! मग खास सोलरसाठी कारखाने निघाले. चीनमध्ये तर सरकारी बँकांच्या कर्जावर इतके निघाले, की भाव कोसळले आणि २०१२ मध्ये खुद्द जर्मनीची 'क्यू-सेल्स' ही सोलर कंपनी दिवाळखोरीत गेली.

स्पेनने भाव भरघोस दिला, पण वेळेवर लगाम घातला नाही. २००८ मध्ये जगात सर्वाधिक पॅनेल तिथे बसली. सरकारने घाबरून ब्रेक लावला आणि पुढच्या वर्षी जवळजवळ शून्य. काका म्हणतात तसं 'गुंडाळणं' इथे झालं.

आपल्याकडे २०१०-११ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेला युनिटमागे १७.९१ रुपये दर ठरवला होता. २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याच्या लिलावात बोली २.४४ रुपयांवर आली. मधल्या उतरणीची किंमत बरीचशी जर्मन वीजबिलांनी आधीच भरून ठेवली होती.

काकांनी हे ऐकून घेतलं आणि ठेवणीतला मुद्दा काढला : पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून? ती तर यमाची दिशा! वास्तुवाल्याने त्यांना पूर्व सुचवली होती. पुण्यात मे-जुलैमधले अडीचेक महिने सोडले, तर भर दुपारचा सूर्य डोक्याच्या दक्षिणेलाच असतो. ठराव मंजूर झाला, काका तटस्थ राहिले.