खुलासा : ब्रिटिश म्युझियमचं छत संगणकाला ‘सुचलेलं’ नाही

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रेट कोर्टचं, म्हणजे मधल्या मोठ्या चौकाचं, काचेचं छत (2000) दाखवून सर्रास सांगितलं जातं की हा आकार अल्गोरिदमनेच काढला, माणसाने फक्त बटण दाबलं. हे खरं नाही.

वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाचं आणि ब्युरो हॅपोल्ड या अभियांत्रिकी कंपनीचं हे काम. छताचा पृष्ठभाग बाथ विद्यापीठातल्या ख्रिस विल्यम्स यांनी गणिती सूत्रात मांडला. अटी आधीपासून ठरलेल्या होत्या : बाहेर आयताकृती भिंती, आत गोल वाचनालय, आणि तेही नेमकं मध्यभागी नाही. जुन्या भिंतींना बाहेरच्या बाजूला रेटा चालणार नव्हता, म्हणून छत सरकत्या आधारांवर ठेवलं. त्यामुळे रेटा कोपऱ्यांकडे जातो. सूत्रात कोपऱ्यांशी वक्रता एकदम वाढते, ती म्हणूनच.

संगणकाचं खरं काम त्यानंतरचं, त्या पृष्ठभागावर दांड्यांची त्रिकोणी जाळी बसवण्याचं. वर्तुळावरचे बिंदू आयताच्या कडेवरच्या बिंदूंना नुसते सरळ जोडले, तर कर्णापाशी रेषा मोडतात आणि ते डोळ्याला लगेच खटकतं. म्हणून प्रत्येक सांधा (दांडे जिथे मिळतात तो बिंदू) शेजारच्या सांध्यांच्या भारित सरासरीकडे, म्हणजे काहींना जास्त आणि काहींना कमी महत्त्व देऊन काढलेल्या सरासरीकडे, थोडा सरकवायचा, पण पृष्ठभाग सोडू द्यायचा नाही. हालचाल थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. त्रिकोण किती मोठा करायचा, हेही काच केवढी मिळते त्यावर ठरतं.

शेवटी 1,566 सांधे, 4,878 पोलादी दांडे, 3,312 काचा. एवढं हाताने मोजत बसणं अशक्यच, तेवढं श्रेय यंत्राला द्यावं. ती भारित सरासरी कशी धरायची, हे मात्र विल्यम्स यांनी ठरवलं.