सुडोमोनासची बाटली नेण्याआधी हे वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

“हे औषध आहे की खत?” आमच्या काउंटरवर रोज येणारा प्रश्न. या बाटलीत जिवंत जिवाणू आहेत. नाव सुडोमोनास फ्लोरोसन्स. जगभरच्या मातीत तो सापडतो, करवीर-शिरोळच्या रानातही असतो. आम्ही फक्त त्याची संख्या वाढवून देतो.

तो रोगाला कसा अडवतो?

पिकाच्या मुळांतून साखर आणि आम्लं पाझरत असतात. त्यावर हा जिवाणू जगतो आणि मुळांभोवतीच वस्ती करतो. याचे काही वाण 2,4-डायअसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल नावाचं प्रतिजैविक तयार करतात, त्यानं मूळकुजीच्या बुरशीची वाढ रोखली जाते. शिवाय तो पिवळसर हिरवं रंगद्रव्य सोडून मातीतलं लोह स्वतःकडे ओढतो, त्यामुळं बुरशीला लोह कमी पडतं. अतिनील प्रकाशात हेच द्रव्य चमकतं, म्हणून नावात ‘फ्लोरोसन्स’.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात वर्षानुवर्षं गव्हावर गहू घेतलेल्या शेतांत मुळं काळी पाडणारा एक रोग आधी वाढला आणि पुढं आपोआप उतरला. शोध घेतल्यावर तिथल्या मुळांवर हेच प्रतिजैविक बनवणारे सुडोमोनास भरपूर आढळले. चांगली माती स्वतःची राखण करते, यावर आमचा विश्वास तिथूनच पक्का झाला.

कधी वापरायचं?

रोग येण्याआधी. कुजलेलं मूळ याच्यानं परत येत नाही आणि तसं सांगून आम्ही माल विकत नाही. टोमॅटो-मिरचीची रोपं लावताना मुळं द्रावणात बुडवा. बाटलीऐवजी पावडर नेली असेल तर ती बियाण्याला किलोला 10 ग्रॅम चोळा आणि सावलीत सुकवा. उसाचं बेणं किंवा आल्याचे कंद रासायनिक औषधात बुडवणार असाल तर ते आधी उरका, सुकू द्या, जिवाणूंची प्रक्रिया सगळ्यात शेवटी. रानात द्यायचं तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, वाफसा असताना, संध्याकाळी. कोरड्या ढेकळांवर टाकलेला जिवाणू तगत नाही.

इथं सगळ्यात जास्त चूक होते

काही जिवाणू कठीण काळात टणक बीजाणू करून तग धरतात. सुडोमोनासला ते जमत नाही. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली बाटली घरी पोचेपर्यंत निकामी होऊ शकते. खरेदी शेवटी करा, सावलीतून न्या, घरी थंड जागी ठेवा. औषधांच्या कपाटात नको.

कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा स्ट्रेप्टोमायसिन असलेलं औषध याच्याबरोबर पंपात मिसळू नका, ती जिवाणूच मारतात. आधी दिलं असेल तर आठ-दहा दिवस जाऊ द्या. पंपही स्वच्छ धुतलेला हवा.

येताना पीक कोणतं, लागवड कधीची आणि मागच्या पंधरवड्यात काय फवारलंय, एवढं सांगा. ते ऐकून आम्ही कधी कधी “आज नेऊ नका” म्हणतो.