पीटीएच जास्त, पण कॅल्शियम नॉर्मल: असा रिपोर्ट आला तर

रिपोर्टवर पीटीएचच्या (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाच्या) आकड्यापुढे ‘हाय’ छापलेलं असतं आणि कॅल्शियम मात्र मर्यादेत. असा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण काउंटरवर दोनच गोष्टी विचारतात: लॅबची काही चूक तर नाही ना, आणि गळ्याचं ऑपरेशन करावं लागेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं घाईगर्दीत तोंडी देण्यापेक्षा घरी शांतपणे वाचता यावीत, म्हणून हे माहितीपत्रक.

पॅराथायरॉइड ग्रंथी बहुधा चार असतात. थायरॉइडच्या मागच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढ्या. थायरॉइडच्या शेजारी असल्या तरी त्यांचं काम वेगळं, त्यामुळे थायरॉइडची टीएसएच तपासणी नॉर्मल आल्यावरून या ग्रंथींबद्दल काहीच कळत नाही. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणतं, लघवीवाटे जाणारं कॅल्शियम मूत्रपिंडात अडवतं आणि व्हिटॅमिन डी कार्यरत करून आतड्यातून जास्त कॅल्शियम शोषलं जाईल असं बघतं. म्हणूनच कॅल्शियम नॉर्मल दिसतं तेव्हा सगळं आलबेल आहे असं समजू नये. ते नॉर्मल ठेवण्यासाठी हाडं झिजत असू शकतात.

आधी कारण शोधायचं

आपल्याकडे पहिला संशय व्हिटॅमिन डी च्या कमतरतेवर घ्यावा. ऊन भरपूर, पण ते अंगाला लागतं कुठे? पीटीएच वाढलेलं असताना व्हिटॅमिन डी किमान ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत आणून मगच पुढचं ठरवावं, असं तज्ज्ञ सांगतात. व्हिटॅमिन डी ची आठवड्याची साठ हजार युनिटची पुडी सुरू केल्यावर पीटीएच लगेच उतरत नाही, काही महिने लागतात. मात्र या काळात कॅल्शियम पुन्हा तपासायलाच हवं. काहींचा ग्रंथीचाच मूळ आजार व्हिटॅमिन डी च्या कमतरतेखाली झाकलेला असतो आणि ती भरून निघाली की कॅल्शियम चढतं. पुड्या किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच सांगावं. शेजारच्यांची चिठ्ठी वापरू नका.

दुसरं कारण मूत्रपिंडाचं. क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय त्याचा आकडा, ६०च्या खाली असेल तर पीटीएच त्यामुळेच वाढलेलं असू शकतं. औषधंही बघावी लागतात: लिथियम, फ्युरोसेमाइड, हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या आणि डेनोसुमॅबचं इंजेक्शन. सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा) किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. काहींच्या लघवीतूनच ते जास्त जातं.

एक गैरसमज आम्हाला वारंवार ऐकू येतो: ‘पीटीएच वाढलंय म्हणून दूध बंद केलं.’ कृपया असं करू नका. आहारातलं कॅल्शियम कमी झालं की ग्रंथी आणखी जोरात काम करतात. दूध, दही, नाचणी, तीळ नेहमीसारखं चालू द्या.

ही सगळी कारणं बाजूला सारल्यावरही पीटीएच जास्तच राहिलं, तर ग्रंथीच स्वतःहून जास्त काम करते आहे असं म्हणता येतं. या अवस्थेची स्वतंत्र दखल तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २००८ साली घेतली गेली. आजच्या निकषांनुसार पीटीएच किमान दोनदा, ३ ते ६ महिन्यांच्या अंतराने वाढलेलं दिसावं लागतं, आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनानुसार दुरुस्त केलेलं व आयोनाइज्ड (रक्तात मोकळं असलेलं) अशी दोन्ही कॅल्शियम नॉर्मल असावी लागतात. म्हणजे एका रिपोर्टवर निदान होत नाही. गळ्याचा स्कॅनही निदानासाठी नसतो. ऑपरेशन ठरल्यावर ग्रंथी नेमकी कुठे आहे ते शोधायला तो करतात. पहिल्याच रिपोर्टनंतर स्वतःहून स्कॅनवर पैसे घालवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

निदान पक्कं झालं तरी सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. काही जण वर्षानुवर्षं आहे तसेच राहतात, काहींचं कॅल्शियम पुढे वाढतं. मुतखडा झाला असेल, किरकोळ पडण्याने हाड मोडलं असेल, तर मात्र लवकर एंडोक्रायनॉलॉजिस्टना (संप्रेरकांच्या आजारांच्या डॉक्टरांना) दाखवा. हाडांची घनता मोजताना कंबर आणि खुब्याबरोबर मनगटाजवळच्या हाडाचीही मोजायला सांगा. या आजारात झीज तिथे आधी दिसू शकते.

रक्त देताना

पीटीएचसाठी आम्ही जांभळ्या टोपणाची, ईडीटीए असलेली नळी वापरतो, कारण त्यात हे संप्रेरक जास्त वेळ टिकतं. कॅल्शियमसाठी वेगळी नळी लागते. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं आणि त्याचा थेंब जरी मिसळला तरी आकडा खोटा कमी येतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर उलट कॅल्शियम खोटं जास्त येतं. पट्टा सैल करायचा राहिला असं वाटलं तर बिनधास्त सांगा. आयोनाइज्ड कॅल्शियमची नळी हवा न लागता बंद ठेवावी लागते, म्हणून ते रक्त घरून न घेता लॅबमध्येच घेतो.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. बऱ्याच मशीनवर त्यामुळे पीटीएच खोटं कमी दिसतं. डॉक्टरांना विचारून तपासणीआधी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात. पुन्हा तपासताना सकाळी, शक्यतो त्याच लॅबमध्ये या, कारण वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे जुळत नाहीत.

कॅल्शियम किती बाहेर जातं ते मोजायला चोवीस तासांची लघवी सांगितली असेल तर सकाळची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहून ठेवा आणि तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी कॅनमध्ये जमा करा. मध्ये एकदा जरी चुकून टाकली गेली तर कॅन तसाच आणू नका, दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करा. त्यासाठी दुसरा कॅन आम्ही मोफत देतो. येताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं सोबत आणा.